फवाऱ्याचे तोंड काठाच्या चार बोटे वर

मी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा हॉटेले, खानावळी, कॅन्टीन अशा मोठ्या स्वयंपाकघरांतील भांडी घासण्याच्या सिंकवर फवारे, नळ व जाळ्या बसवणे आणि त्यांची देखभाल करणे, राहणार दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची दोन खोल्यांची जागा, सर्वत्र ओळख ‘फवारेवाले काका’, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. सांगणारे कोणी नाही म्हणून लिहितो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले.

लिहिण्याचे कारण असे की गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “घरचं कोणी सोबत आलंय का?” मी म्हणालो, “मलाच सांगा, मीच घरचा.” त्यांनी सांगितले. ते येथे पुन्हा लिहीत नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. लग्नही केलेले नाही. धाकट्या भावाला वाढवण्यात वय निघून गेले, असे मी लोकांना सांगतो. खरे म्हणजे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

कलम १. वर लिहिलेली दोन खोल्यांची जागा माझ्या स्वकष्टाची आहे. तीवर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. ती माझ्या धाकट्या भावास मिळावी. तो या जागेत एकवीस वर्षांत आलेला नाही. आला तर त्याला स्वयंपाकघरातला नळ गळताना दिसेल व तो हसेल, म्हणून खुलासा करतो. नळ बिघडलेला नाही. मी स्वतः त्याचा वायसर सैल केला आहे. घरात कसलाच आवाज नसतो. थेंब पडत असला की कोणीतरी आत काम करते आहे असे वाटते. खाली बादली ठेवलेली असते, पाणी वाया जात नाही.

कलम २. बँकेत जी शिल्लक निघेल ती माझ्या पुतणीस, म्हणजे धाकट्याच्या मुलीस द्यावी. मी तिला शेवटचे पाहिले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत बसून होडी होडी खेळत होती. आता ती कशी दिसते मला माहीत नाही. तिने हे पैसे कशावर उडवावेत याबद्दल माझी काहीही सूचना नाही.

कलम ३. हत्यारे. मोठा पान्हा, छोटा पान्हा, पाइप कापायची करवत, कानस, स्प्रिंगांची दोन भेंडोळी आणि वायसरांचे बारा डबे धाकट्यास द्यावेत. त्याला नको असल्यास कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंना द्यावेत. माझ्या पाहण्यात तेवढी एकच व्यक्ती आहे जी फवारा गळायला लागला की आधी वायसर बघते आणि मग ओरडते. बाकीचे आधी ओरडतात.

कलम ४. जुनी येणी. नळांच्या दुकानदाराने मला पितळ म्हणून जे मुलामा दिलेले प्लास्टिक विकले, ते त्याच्याच दुकानाच्या मोरीला बसवून मी फिट्टंफाट केली आहे. दोन दिवसांत दुकानात गुडघाभर पाणी झाले. माफी मागायची राहिली, मागणार नाही. ज्या आचाऱ्याने माझ्या नव्याकोऱ्या फवाऱ्याने आपली स्कूटर धुतली, त्याला मात्र माफ केले, कारण स्कूटर खरोखरच घाण होती.

कलम ५. ज्यांच्या स्वयंपाकघरांत मी काम केले त्यांना सूचना. फवाऱ्याची चाळणी महिन्यातून एकदा सोडवून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, सुईने टोचू नये. भोके मोठी होतात आणि पाणी घासणाऱ्याच्या अंगावर येते. सिंकची जाळी काढून भांडी धुवू नयेत. तुंबल्यावर मला बोलावत होतात, आता मी नसेन. नवा फवारा बसवताना मालकाला उभे करून उंची घेऊ नये. जी व्यक्ती घासणार तिला उभे करावे, कोपर वाकवायला सांगावे आणि मग भिंतीला खूण करावी. आणि काहीही झाले तरी, सोडून दिलेला फवारा लोंबकळताना त्याचे तोंड सिंकच्या काठाच्या चार बोटे वर राहिले पाहिजे. ते घाण पाण्यात बुडून राहिले आणि तेवढ्यात पुरवठ्याचे पाणी गेले, तर रिकामा पाइप ती घाण उलटी आत ओढतो. मग तीच पिण्याच्या नळाला येते.

हा नियम मीच धाकट्याला घोकवून घेतला होता. पाठ झाला नाही तोवर त्याला पान्ह्याला हात लावू दिला नव्हता.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठी बाकीची लिहिली आहेत.

आम्हा भावांची एक पद्धत होती. ज्याने काम केले त्याने नळाच्या मानेवर कानशीने खूण करायची. माझी एक रेघ, धाकट्याच्या दोन. पुढे काही बिघडले तर कोणाचे काम ते कळावे आणि ज्याचे त्याने निस्तरावे. एकवीस वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धाकट्याने फवारा बसवला. काम चोख होते, चार बोटांच्या जागी पाच बोटे अंतर होते. मानेवर त्याच्या दोन रेघा होत्या. पुढे तो मुलीच्या तापामुळे दोन दिवस घरी होता, तेव्हा तिथल्या घासणाऱ्या बाईंचा निरोप आला की फवारा फार वर आहे, खांदा भरून येतो. मी गेलो. तिची तक्रार खरी होती. फवारा ज्यावर टांगतात तो भिंतीवरचा पट्टा खाली घ्यायला हवा होता, पण त्यासाठी चार नवी भोके पाडावी लागली असती आणि मला घाई होती. मी नुसती नळी बदलून एक वीत लांब बसवली. बाई खूश झाल्या. तोंड काठाच्या खाली गेले हे मला दिसले. उद्या येऊन पट्टा सरकवू असे म्हणालो. एवढ्याशा कामाला काय खूण करायची म्हणून रेघही मारली नाही. तो उद्या आला नाही.

तिसऱ्या दिवशी पंप बंद पडला. चौतीस मुले दवाखान्यात गेली. देवाच्या दयेने सगळी परत आली. आरोग्य खात्याचा माणूस, वसतिगृहाचा व्यवस्थापक आणि आम्ही दोघे सिंकपाशी उभे होतो. धाकटा म्हणाला, “दादा, ही नळी मी बसवलेली नाही. तुला माहितीये, मी एवढी लांब सोडणार नाही.” व्यवस्थापकाने माझ्याकडे पाहिले. मी नळाच्या मानेवर बोट ठेवले आणि म्हणालो, “रेघा तर तुझ्याच आहेत.”

मी घाबरलो होतो. धंदा बुडेल असे वाटले. तो तरुण आहे, त्याला लोक माफ करतील, असे मी मनाला समजावले. लोकांनी केले नाही. पुढे एकाही स्वयंपाकघराने त्याला दारात उभे केले नाही, आणि माझा धंदा मात्र चालला. घासणाऱ्या बाईंना कोणी विचारलेच नाही. त्यांना कोण विचारतो? महिन्याभरात धाकट्याने बिऱ्हाड हलवले. निघताना भावजय दारात थांबून म्हणाली, “भाऊजी, एकदा तरी खरं बोला.” मी तिला टेम्पोवाल्याला पत्ता नीट सांगितला का, असे विचारले.

म्हणून मी येथे लिहून देतो की ती नळी मी बसवली होती. चूक माझी होती, खोटे मी बोललो. माझ्या भावाचे काम निर्दोष होते. या धंद्यात त्याच्याइतका स्वच्छ हात मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याची मला फार आठवण येते.

कलम ७. कलम सहा बंद पाकिटात ठेवावे व माझ्या मृत्यूनंतर भावास पोचवावे. त्याचा पत्ता माझ्याकडे अकरा वर्षे आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिंपी करतील. ते माप चुकत नाहीत, फक्त वेळ चुकतात.

येथवर लिहून झाल्यावर मी दोन्ही साक्षीदारांना वर बोलावून सर्व वाचून दाखवले. शिंपी चष्मा पुसत बसले. कॅन्टीनच्या बाई म्हणाल्या, “काका, हे त्याला तुम्ही गेल्यावर मिळणार?”

मी हो म्हणालो.

“मग तो शिव्या कोणाला घालणार?”

मी म्हणालो, “बाई, एकवीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

“आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार? तुम्ही सुटणार मरून, आणि त्याने काय करायचं? फोटोपुढे भांडायचं?” असे म्हणून त्यांनी पेन खाली ठेवले. “असल्या कागदावर मी सही नाही करणार.”

बाईंचे काम दुपारच्या पाळीचे, त्यांना उशीर होत होता, तरी त्या उठल्या नाहीत. मी त्यांनी ठेवलेले पेन उचलले आणि पुढील कलम त्या दोघांच्या देखत लिहिले.

कलम ८. कलम सात यातील पाकिटाची व्यवस्था रद्द. हे मृत्युपत्र घेऊन मी स्वतः उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने भावाकडे जात आहे. कलम सहा मी त्याला तोंडाने सांगेन, मग कागद वाचायला देईन. तो दार लावून घेईल, तर तो त्याचा हक्क आहे. मी जिन्यात बसेन. तो मला माफ करो वा न करो, जागा, शिल्लक व हत्यारे वर लिहिल्याप्रमाणे त्याची व त्याच्या मुलीचीच आहेत. माफीची अट कोठेही नाही. त्या वसतिगृहासही कलम सहाची नक्कल त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून मी आजच टपालाने पाठवतो. ती टपालपेटीत टाकताना शिंपी सोबत असतील.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ मार्च, मंगळवार, दुपारी सव्वातीन

लिहून देणार: (सही) फवारेवाले काका

साक्षीदार:
१. (सही) शिंपी, तळमजला. मजकूर ऐकला, सही माझ्यासमोर झाली.
२. (सही) कारखान्याच्या कॅन्टीनमधील भांडी घासणाऱ्या बाई. कलम आठ लिहिल्यावर सही केली, आधी नाही. साक्ष देता यावी म्हणून कलम तीनमधला हत्यारांवरचा हक्क सोडला.

ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष देऊ नये, असा नियम आहे. म्हणून खालची जागा साक्षीसाठी नाही.

दादा समोर असताना वाचले: ____________________ (धाकटा भाऊ)