बारानंतरचा बुधवार

सोमवार, ३ फेब्रुवारी

...दूध उतू गेलं होतं, ते पुसलं. भाकरी थापल्या. ह्यांच्या डब्यात शेवग्याची भाजी, चटणी, कांदा. लेकीची, मयूरीची वेणी घातली. गाडीवर बसून हे कुपवाडला कारखान्यात निघाले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "पाण्याची बाटली राहिली." ती नेऊन दिली. परत येऊन भांडी घासली. बस्स. त्या सकाळी यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

आज हे आठवायचं कारण – पुण्याहून रेश्मा मॅडमनी फोनवर विचारलं, "शरयूताई, तुमच्याबद्दल काहीतरी सांगा." सगळ्या नव्या बायकांना विचारत होत्या. आणि माझ्या डोक्यात फक्त हे गेले त्या दिवशीची सकाळ आली! तीन वर्षं झाली त्याला. मी म्हणाले, "मला वाचायला आवडतं." ते खोटं नाही. सातवीला शाळा सुटली. मग पुडीचे कागद वाचले, मग वाचनालय लावलं, मग बाहेरून दहावी, बारावी. त्याच वाचनाने हे काम मिळालं. मराठी उतारा मोठ्याने वाचून दाखवला तर मॅडम म्हणाल्या, "ताई, बातम्या द्यायचा काय तुम्ही?"

विमान कंपनीचं काम. घरात बसून, सकाळी आठ ते बारा. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या प्रवाशांचे फोन घ्यायचे. महिनाभर कच्ची, एक मार्चला ठरवणार. पक्की झाले तर मयूरीला कॉलेज सोडून कुपवाडच्या कारखान्यात जावं लागणार नाही. ती म्हणते, "मी जाते की, त्यात काय!" नको. मी असताना नको.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सासूबाई शेजारच्या धोंडुबाईंना सांगत होत्या – "आमची सून इमानात बसली न्हाई कवा, आन् लोकांस्नी बसवतीया!"

धोंडुबाई – "मग मला बी बशीव की गं, खिडकीजवळ!"

खूप दिवसांनी घरात हसणं झालं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बावीस फोन. पाच मिनिटांच्या आत फोन संपवायचा. पाच झाली की पडद्यावरचा आकडा लाल होतो आणि तो रेश्मा मॅडमना तिकडे दिसतो. माझे रोज चार-पाच लाल होतात. माणूस बोलत असताना तोडायला जमत नाही.

आज एक आपल्याकडचे म्हातारे होते. कुंडलचे आकारामतात्या. नवरा-बायको पहिल्यांदाच विमानाने जाणार, पुण्याहून दिल्लीला. मुलगा शिवतेज लष्करात आहे. त्याची तुकडी वर्षभरासाठी परदेशी जाणार, त्याआधी एक दिवस भेटायला मिळणार; तिकीट त्यानेच काढलंय, निघायचा दिवस फोनवर सांगता येत नाही म्हणाला. शालूबाईंनी लाडू केलेत, ते नेता येतील का, हे विचारायला फोन! मी म्हणाले, "न्या की. हातातल्या पिशवीत ठेवा." तिकीट वाचून दाखवलं – गुरुवार, तेरा फेब्रुवारी, शून्य वाजून वीस मिनिटं. असंच वाचायचं, असा नियम आहे. ते म्हणाले, "म्हंजे गुरुवारी दुपारी जेवून निघाल्यालं बरं, व्हय न्हवं?" मी म्हणाले, "हो. तीन तास आधी पोचा."

"देव तुमचं भलं करो, बाई. सांगलीच्या हाय म्हनल्यावर कसं, घरात बोलल्यासारखं वाटलं."

आकडा लाल झाला होता. तरी बरं वाटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज एकही लाल नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी



साडेनऊला आकारामतात्यांचा फोन. "चौथ्या फोनाला घावला तुमी, बाई. तिघींस्नी सांगितलं, मला सांगलीची बाई पायजे."

काल गुरुवारी संध्याकाळी ते दोघं पुण्याच्या विमानतळावर पोचले. दारातल्या पोलिसाने तिकीट बघितलं आणि म्हणाला, "बाबा, तुमचं विमान काल रात्रीच गेलं." दोघं सकाळपर्यंत तिथेच बाकड्यावर बसून होते. शिवतेजची तुकडी आज पहाटे निघाली. भेट नाही.

मला लगेच कळलं. ते बोलत होते तोवरच कळलं. तेराची शून्य-वीस म्हणजे बुधवारी दुपारी जेवून निघायला हवं. बारा वाजले की त्यांची तारीख बदलते. आपली कुठे बदलते? आपल्याकडे उजाडल्याशिवाय दुसरा दिवस होत नाही. त्यांनी नीट विचारलं होतं – गुरुवारी दुपारी जेवून? आणि मी हो म्हणाले!

"आवं बाई, तुमी व्हय म्हनला हुता न्हवं? का मलाच तसं ऐकू आलं?"

मी काय म्हणाले? कागदावरचं वाक्य. "आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेते."

ते म्हणाले, "पैशाचं न्हाई वो. पोरगं म्हनलं, तात्या, साधी तारीख वाचता येत न्हाई तुमाला? आन् फोन ठिवला. त्येच्या आईसंगं बोलला, माज्यासंगं न्हाई."

शनिवार, १५ फेब्रुवारी

मलाच हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तर मला.

हे गेले रात्री सव्वा वाजता. सासूबाई शनिवारीच गेले म्हणतात. मीही तसंच म्हणते. संध्याकाळी बोलत होते, रात्री गेले – तो शनिवार. दाखल्यावर रविवारची तारीख आहे. बँकेत, कारखान्यात, दोन्हीकडे मी फॉर्मवर शनिवारची तारीख लिहिली. दोन्हीकडून कागद परत आले. बँकेतला क्लार्क म्हणाला, "बाई, नवरा कधी गेला तेही माहीत नाही होय?" किती लोक उभे होते तिथे.

तेच मी त्या म्हाताऱ्यावर आणलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कालही तात्यांचा फोन आला. शिवतेज आता रविवारी अकराला फोन करणार. काल केला. शालूबाईंशी बोलला. "तात्यांना देऊ का?" विचारलं तर म्हणाला, "राहू दे." भाऊबंद हसतात. चुलतभाऊ नानासो पारावर म्हणतो, "आकारामा, आज वार कुठला रं? इच्यारून ये जा इमानवाल्यास्नी!"

तक्रारीचं काय झालं, एवढंच विचारत होते. मी म्हणाले, "चौकशी चालू आहे."

आज जेवण गेलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सुपातले तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. "तू मुद्दाम केलंस व्हय? मग गप ऱ्हा. पोरीचं बघ आधी. म्हाताऱ्याचं काय, पोरगं रागवलंय, निवंल."

मयूरी म्हणाली, "आई, कंपनीनेच नीट लिहायला पाहिजे ना. तुझी चूक नाहीच."

दोघींचं बरोबर असेल. पण प्रश्न मला विचारला होता. कंपनीला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रेश्मा मॅडमचा फोन. आवाज हळू.

"ताई, त्या कुंडलच्या तक्रारीचा फॉर्म आज बंद करायचाय. मी रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटपर्यंत."

"मग माझा 'हो' ऐकला असेल."

"ऐकला. पण वर कुणी तिथपर्यंत ऐकत नाही. तारीख-वेळ बरोबर सांगितली, तेवढं बघतात. 'प्रवाशाचा गैरसमज' लिहा आणि मिटवा. एक तारखेला तुम्ही पक्क्या होताय, ताई. माझ्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

मी म्हणाले, "मी कळवू का त्यांना, माझी चूक म्हणून?"

"अजिबात नाही! प्रवाशाला आपणहून फोन नाही, भेट नाही. त्याच दिवशी काढून टाकतात. माझ्या हातात राहत नाही मग."

चांगली मुलगी आहे. माझ्यासाठीच सांगत होती. म्हणूनच नाही म्हणता आलं नाही.

लिहिलं. प्रवाशाचा गैरसमज. दोन शब्द. पाठवून दिले. मग बारापर्यंत अकरा फोन घेतले. सगळ्यांशी नीट बोलले.

उद्या रविवार.

रविवार, २३ फेब्रुवारी

आठला कामावर बसले नाही. रेश्मा मॅडमना लिहून कळवलं की कालच्या फॉर्ममधले दोन शब्द खोटे आहेत. एसटीने कुंडलला गेले. अकराला शिवतेजचा फोन आला तेव्हा तो शालूबाईंकडून मागून घेतला आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मला बरोबर विचारलं होतं. चुकीचं मी सांगितलं." मग फोन तात्यांच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.