आखूड तार

प्रिय काका,

हे पत्र मुद्दाम तुम्ही शिकवता त्या प्रशिक्षण केंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर काकूंनी आधी फोडलं असतं. काळजीचं कारण नाही, आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. ताईला मुलगी झाली. बाळ छान आहे, रडतं मात्र कारखान्याच्या भोंग्यासारखं. मी परीक्षा पास होऊन लिफ्ट तपासणी खात्यात रुजू झाले. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही इतक्या मायेने 'बोल गं पोरी' म्हणता, की जे बोलायचं ते राहून जातं.

बाबांचं जुनंच चालू आहे. शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतात आणि परत देण्याआधी मला तपासायला लावतात. साध्या प्लगचे स्क्रूसुद्धा. आई म्हणते, हा माणूस उद्या स्वतःच्या शर्टाची बटणंही तुझ्याकडून तपासून घेईल. ती हसते, पण गॅस बंद करताना बाबांना ओट्याजवळ येऊ देत नाही, कारण आले की ते बटण पुन्हा पुन्हा तपासत तिथेच उभे राहतात. खालच्या मजल्यावरच्या बाई अजूनही जिन्यात भेटल्या की म्हणतात, "आम्ही बाई चालतच जातो. लिफ्टवाल्यांच्या शेजारी राहून लिफ्टची हौस कोणाला!" इतक्या वर्षांत त्यांना दुसरा विनोद सुचलेला नाही.

अपघाताच्या त्या दिवशी तुम्ही बाबांबरोबर कामावर होतात, तेव्हा तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी क्रमाने लिहिते, मला तशीच सवय आहे. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून दाराला स्विच असतो. दुरुस्तीच्या वेळी लिफ्टच्या विजेच्या पॅनेलमध्ये एक तार जोडून तो तात्पुरता बाद करतात आणि काम संपलं की तार काढतात. त्या इमारतीत तुम्ही दोघांनीच काम केलं. तार राहिली. संध्याकाळी एक शिक्षिका आत पाऊल टाकत असताना लिफ्ट उघड्या दारानेच वर निघाली आणि त्यांचा पाय गेला. आई तेव्हा दवाखान्यात होती, बाबांची झोप झालेली नव्हती, आणि वरिष्ठ तेच होते. चौकशीत त्यांनी सरळ सांगितलं, "आठवत नाही, पण माझ्याच हातून राहिली असणार." परवाना गेला, वर्तमानपत्रात पॅनेलचा फोटो आला. तो अंक बाबांनी पालथा घालून ठेवला. आजपर्यंत उघडलेला नाही.

ताईला जुन्या जाडजूड कादंबऱ्यांचं वेड आहे, तुम्हाला माहीत आहे. तिचं म्हणणं, त्या सगळ्यांत एकच हिशोब असतो: ज्याच्या तोंडाला चारचौघांत काळं फासलं जातं तो हळूहळू ताठ होतो, आणि ज्याचं पाप झाकलेलं राहतं तो आतून पोखरला जातो. मी तिला म्हटलं, छापायला सोपं म्हणून तसं लिहितात. बेअब्रूने माणूस ताठ होत असता तर बाबा आज दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत गेले नसते. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र मी तिच्याशी वाद घातला नाही. तुम्ही आमच्याकडे चार मजले जिन्याने चढून येता आणि साखरेवर व्यायाम म्हणून सांगता. बाबांशी बोलताना तुमची नजर त्यांच्या खांद्यावर असते. केंद्रातली मुलं तुम्हाला टरकून असतात, कारण कोणाच्या पेटीत वीतभर तार दिसली की तुम्ही ती हिसकावून तिचे तुकडे करता. त्यांना वाटतं, सर शिस्तीचे.

पॅनेलचा तो फोटो आता आमच्या खात्याच्या प्रशिक्षणात दाखवतात. पडद्यावर भिंतभर मोठा. शिकवणारे म्हणाले, "हे बघा एका निष्काळजी माणसाचं कर्तृत्व." सगळे हसले. मी बाबांची मुलगी आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी तारेकडे बघत होते. ती वीतभर होती, बाकीच्या तारांमागे नीट दाबून बसवलेली. बाबांची तार हातभर लांब आणि लाल असायची. पॅनेलचं दार तिच्यावर लागूच नये, म्हणजे विसरायची सोय नाही, हा त्यांचा नियम. लहानपणी त्या तारा मी कापून द्यायची, एखादी आखूड झाली तर ते फेकून द्यायचे. आणि तुम्ही त्यांना चिडवायचात, "दादा, ही तार आहे की कपडे वाळत घालायची दोरी? माझं काम बघा, पॅनेलमध्ये शोधून सापडणार नाही." तो फोटो हजारोंनी पाहिला असेल, सगळ्यांनी दोषी पाहिला. तार कोणी पाहिली नाही. जे पाहताक्षणी ओळखू शकले असते, त्यांना पाहण्याचा धीर झाला नाही.

तुम्ही हे पापी मनाने केलंत असं मी म्हणत नाही. तार राहणं ही चूक होती, ती कोणाचीही होते. पुढे जाणूनबुजून गप्प राहिलात, ती मात्र चूक नव्हे. मी खात्याकडे जाणार का, हे तुमच्या मनात येईल. ते बाबा ठरवतील, नाव त्यांचं गेलं आहे.

गेल्या आठवड्यात ताई बाळाला घेऊन घरी आली. तिने बाळ पुढे केलं तर बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाले, "नको गं, माझ्या हातांचा भरवसा नाही," आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवून लांबूनच बघत बसले. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी त्यांच्यासमोर बसून तारेचं सगळं सांगितलं, तुमचं नाव न घेता. फोटो दाखवायला गेले तर त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या डोक्यावर थोपटलं. म्हणाले, "लेकीचा जीव, तुला तसंच दिसणार." म्हणून हे पत्र. ज्या चुकीची आठवणही नाही, ती त्यांनी आपली म्हणून सांभाळली आहे, आणि ती मला काढून घेता येत नाही. रविवारी सकाळी या. मी पुरावा कितीही मांडला तरी त्यांना ती माझी माया वाटते. त्यांना त्या दिवशी तिथे असलेल्या माणसाचं एक वाक्य ऐकायला हवं आहे, आणि ते माझ्याकडे नाही.

तुमचीच,
धाकटी