शिराजचं माहेर

प्रिय सृष्टी,

फोन हातात घेतला की दादा मागे येऊन उभे राहतात, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या शिराजच्या, त्या वाइनच्या द्राक्षांच्या, मण्यांत पाणी उतरलं, पिकायला लागलेत. काळेभोर, वाटाण्याएवढे मणी. शेजारच्या वाल्मीकभाऊंनी रस्त्यात गाडी थांबवून विचारलंच, "वहिनी, बाग आजारी हाय का? सलाईन लावा की!" मी म्हटलं, "तिची चणच तशी हाय." याहून जास्त मला तरी कुठे माहीत आहे? आधी तू म्हणालीस, लोक हिला इराणच्या शिराज शहराची समजत होते. मग म्हणालीस, डीएनए तपासणीत आईबाप फ्रान्सचे निघाले. आई पांढरी, बाप काळा, आणि दोघांनाही तिकडे फारसं कोणी ओळखत नाही. फ्रान्समध्ये म्हणे तिला सिरा म्हणतात. मग बिचारीचं माहेर कुठलं धरायचं?

तुझ्या बापाचं, दादांचं तर त्याहून कळेना. गेल्या वर्षी त्यांनी खाण्याच्या द्राक्षांसारखे तिचेही घड मणी फुगवायच्या औषधात बुडवले. चांगल्यासाठीच, टपोऱ्या मण्यांवरच तर त्यांचं पंचक्रोशीत नाव झालं. वायनरीवाल्यांनी चव घेऊन ट्रॅक्टर परत पाठवला, आणि तू चार माणसांत बोललीस, "रंग नि चव सालीत असते दादा, मणी फुगवून तुम्ही तिचं पाणी केलं." ते म्हणाले, "एवढं कळतं, तर मला शिकवायला थांबू नको." तू बंगळुरूला निघून गेलीस.

यंदा त्यांनी घडांना औषध लावलं नाही. पाखरांसाठी जाळी स्वतः बांधली, आणि त्याच आठवड्यात बाग उपटायला जेसीबीही सांगितला. मी म्हटलं, "अहो, नक्की करायचं काय?" तर म्हणे, "तुला काय कळतंय त्यातलं!" मला वाटतं, त्यांनाही कळत नसावं.

आठवड्यापूर्वी जेसीबी बांधावर आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सृष्टीचा फोन होता, तोडणीला येतेय म्हणाली." तू असं काही म्हणाली नव्हतीस. दादांनी लगेच ड्रायव्हरला चहा पाजून माघारी लावलं. आता रोज विचारतात, कुठल्या गाडीने येते, नाशिक रोडला घ्यायला जायचं का. काल तुझ्या खोलीत ठेवलेली खताची पोती एकट्याने ओढून बाहेर काढली. हे बघून खरं सांगायचा धीर होत नाही, आणि खोटं तरी किती दिवस रेटू? तू ये असा हट्ट नाही माझा. तोडणी फेब्रुवारीत आहे. तोवर त्यांना काय सांगू, तेवढं कळव.

गोंधळलेली, पण तुझीच,
आई