कानबाईची गोळी

प्रिय माय,

उद्या पोलीस भरतीचं माझं ग्राउंड, म्हणजे मैदानी परीक्षा आहे आणि आज सकाळी पाळी आली. घे आता! दोन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

धुळ्याला मावशीकडे आले आहे. आबा सोबत आहेत. बाहेर ओट्यावर बसून शेजारच्या म्हाताऱ्याशी कापसाचं बोलत आहेत. मावशी पोळ्या करते आहे. तिला सांगितलं तर ती मला कोपऱ्यात बसवेल आणि वर हळहळेल, "अरे देवा, नेमकं आजच!" म्हणून सांगितलं नाही. मग सांगू कुणाला? इतकी वर्षं हे मी फक्त तुला सांगत आले. तू नाहीस, तरी हात आपोआप तुझ्याकडेच वळला. म्हणून हे पत्र.

रडत नाहीये हं मी. म्हणजे, रडते आहे थोडी. पण ते पाळीमुळे नाही.

तुला आठवतं, भरतीचं डोक्यात घेतलं तेव्हा पहाटे एरंडोल रोडवर मी पळायचे आणि तू हातात काठी घेऊन पुलाच्या कठड्यावर बसायचीस? कुत्र्यांसाठी काठी, असं म्हणायचीस. कुत्री तुला बघून शेपटी हलवायची. काठी खरं तर मोटारसायकलवाल्या पोरांसाठी होती, हे मला कळायचं. मी लांबून परत येताना दिसले की तू उभी राहून ओरडायचीस, "पय, पोर, पय!" अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. मला लाज वाटायची आणि पाय आपोआप जोरात पडायचे.

पण पाळी आली की ही तीच बाई माझे बूट लपवून ठेवायची! चार दिवस पळणं बंद. का? तर पळलं की गर्भपिशवी खाली सरकते. उद्या लेकरं होणार नाहीत. मग सासरचे काय म्हणतील? भरती राहिली बाजूला, तू थेट माझ्या सासरी जाऊन पोहोचायचीस.

एकदा मी भडकलेच. त्याच पाळीत आदल्या दिवशी तू मला कापूस वेचायला नेलं होतंस. दिवसभर उन्हात वाकून वेचला, ओझं डोक्यावर घेऊन बांधावरून आणलं. तेव्हा नाही सरकली ती पिशवी? तू म्हणालीस, "येचणं पोटसाठे शे व." मी म्हटलं, "मग भरती कशासाठी शे? हौसेसाठी?"  तू एकदम हसायला लागलीस आणि म्हणालीस, "चाल, डॉक्टरीणबाईलेच विचारू."

आपण गेलो. माय, त्या दिवसाबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे. जिवंतपणी भांडता आलं नाही, कारण तेव्हा मला काही माहीतच नव्हतं.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. नीट समजावून सांगितलं त्यांनी. पाळीत पळलं, व्यायाम केला तर काही होत नाही. पिशवी जागच्या जागीच असते. हलक्या व्यायामानं कुणाकुणाचं दुखणं उलट कमी होतं. अंग नको म्हणालं तर त्या दिवशी कमी करायचं. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "फार जातं का? मध्येच, तारीख नसताना जातं का? तसं असेल तर मात्र लपवायचं नाही, लगेच यायचं." मी म्हटलं, नाही हो मॅडम, माझं सगळं वेळेवर असतं.

आणि तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होतीस! पदर मुठीत धरून. तुझं तेव्हा मध्येच जात होतं, माय. किती महिने जात होतं, देव जाणे. तू माझ्यासाठी सगळं खोदून खोदून विचारलंस. पळताना काय खायचं, चक्कर आली तर काय करायचं, लग्नानंतर अडचण येईल का. स्वतःसाठी एक शब्द नाही! बाई समोर होत्या, दार बंद होतं, ऐकायला कुणी पुरुष नव्हता. अगं, बोलायचं ना! एवढं काय आड आलं तुला?

बाहेर आल्यावर तू माझे बूट परत दिलेस आणि आपण रसवंतीत रस प्यायलो. तू खूप खूश होतीस. मी पण.

मग आली पहिली भरती. तारीख आणि पाळी अगदी जवळजवळ. डॉक्टरीण काही म्हणो, परीक्षा चार दिवसांवर आली तसा तुझा धीर सुटला. तू डब्यातून गोळी काढलीस. कानबाईची गोळी! आपल्या गावात तिला दुसरं नावच नाही. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, भाऊबंदांचे रोट, म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक आणि जेवण, होतात, आणि त्यात पाळी नको म्हणून सगळ्या बाया मेडिकलमधून ती पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात. डॉक्टरला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. सासूनं सुनेला द्यायची, जावेनं जावेला. तू म्हणालीस, "कानबाईले चालस, मंग भरतीले का नही?"

तुझ्या तोंडाकडे बघून मी घेतली. पाळी आली नाही, ते खरं. पण पोट दगडासारखं झालं, तोंडात सारखं पाणी यायचं. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर मळमळलं आणि माझ्या मागच्या दोघी पुढे निघून गेल्या. गोळीनंच झालं की भीतीनं, मला सांगता येणार नाही. थोडक्यात राहिलं एवढं खरं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून झोपले होते आणि तू डोळे पुसत होतीस. मी झोपले नव्हते गं. नुसते डोळे मिटले होते.

त्यानंतरची कानबाई ही तुझी शेवटची.

तुझ्यासारखं कानबाईचं करणारी बाई आपल्या भाऊबंदात नव्हती, हे काकूसुद्धा मान्य करते. आणि काकू सहजी काही मान्य करत नाही. घरच्या जात्यावर दळलेले गहू, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. चुलीपुढे घामानं भिजलेली तू. नथ घातलेला कानबाईचा नारळ पाटावर बसला की तुझा चेहरा असा काही व्हायचा, की जणू कुणी पाहुणी माहेराहून आली आहे तुला भेटायला. रात्री गाणी म्हणताना तुझा आवाज सगळ्यांच्या वर. त्या वर्षी मात्र तू सारखी उठत होतीस, मोरीत जात होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पोट बिघडनं."

खरं काय ते तू मला दिवाळीनंतर सांगितलंस. जळगावला, दवाखान्यात, सलाईन लावलेल्या हातानं माझं मनगट धरून. वेचणी करता करता तू शेतात कोसळलीस आणि तुझं पातळ बघून शेजारणी घाबरल्या, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "फार उशीर केलात, ताई." तू त्यांना उत्तर दिलंस, "बाईनी जातले हाई बठ्ठं ऱ्हास." बाईच्या जातीला हे सगळं असायचंच! आधी तुला वाटलं, गोळ्यांमुळे होतंय. मग वाटलं, वय झालं, पाळी जायच्या आधी असंच होतं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण सापडलं तुला, आणि प्रत्येक वेळी तू गप्प.

आणि मग ते. "मी रोटले हात लाया, वैशू. त्या दिन गोळी घिसन बी मले जाई ऱ्हायंतं. कोणले सांगं नही. कानबाई कोपनी."

माय! गोळी घेऊनही रक्त जात असताना रोटाला हात लावला, म्हणून कानबाई कोपली?

तुझ्या अंगात आधीपासून ते घर करून बसलं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं मला. कानबाईचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. मी तुला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तू मान हलवायचीस, मला बरं वाटावं म्हणून. आणि मी पाणी आणायला गेले की भिंतीकडे तोंड करून हात जोडायचीस. दुखण्यानं कळवळत असायचीस आणि माफी मागायचीस! मला त्या दुखण्याचा जेवढा राग आला नाही, तेवढा त्या जोडलेल्या हातांचा आला. अजून येतो. रांधताना रक्त गेलं म्हणून जी लेकीला मारते, ती कसली आई? आणि कानबाईला तर आपण आईच म्हणतो ना?

पौषात तू गेलीस. तोंडात पाणी घालताना मी तुझ्या कानाशी काहीतरी बोलले. ऐकलंस की नाही, ठाऊक नाही.

नंतर मी पळणं सोडलं होतं. त्या रस्त्यावर पाऊल ठेववत नव्हतं. पुलाच्या कठड्याकडे बघवत नव्हतं.  एक दिवस आबांनीच जळगावच्या भरतीच्या ॲकॅडमीत नाव घातलं आणि मला सोडून आले. तिथे सविता भेटली, शिरपूरच्या वरच्या डोंगरातली. माझी पाळी आली नि मी पोटाशी उशी घेऊन पडले, तर ही बया माझे बूट घेऊन हजर! म्हणाली, "आमच्याकडे डोक्यावर मोळी असते, पाळी कोण विचारतं? चल, नुसतं चालून ये. दुखलं तर परत फिरू." आम्ही चाललो. मग हळूहळू पळालो. कधी पहिल्या दिवशी जमतं, कधी नाही. नाही जमलं तर मी सरळ सांगते, "सर, आज पाळी आहे, कमी करते." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सर जमिनीकडे बघायला लागले. आता नुसतं "बरं" म्हणतात.

तुला हे ऐकून घाम फुटला असता. पुरुषमाणसाला सांगितलंस? हो गं, सांगितलं. काही कोसळलं नाही.

पण आबांना सांगणं फार अवघड होतं. सरांना सांगता येतं, बापाला नाही, असं कसं? आज सकाळपासून माझं तेच चाललं होतं. हे पत्र अर्धवट ठेवून जेवले, मग मावशी आडवी झाली, शेजारचा म्हातारा उठून गेला, आणि मी ओट्यावर जाऊन बसले. आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी एका दमात म्हटलं, "आबा, मला पाळी आली आहे. उद्या तशीच पळणार. गोळी घेणार नाही. तुम्हाला माहीत असलेलं बरं."

सुपारी थांबली. कान लाल झाले त्यांचे. रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली, तिच्याकडेच बघत बसले. मला वाटलं, उठून जातील. गेले असते तर मी काही म्हटलं नसतं.

मग म्हणाले, "दुखस का व?"

मी म्हटलं, "थोडं. सहन होण्यासारखं."

 सुपारीचे तुकडे हातातल्या हातात चाळत राहिले. आणि अगदी बारीक आवाजात, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुनी मायले बी दुखे का?"

एवढा संसार केलात गं तुम्ही! एका ताटात जेवलात, एका बैलगाडीत बसलात, आम्हा दोघी बहिणींना वाढवलंत. आणि तुला दुखायचं का, हे तो माणूस आज मला विचारतो आहे. तू असताना नाही, तू गेल्यावर!

मी म्हटलं, "हो आबा. खूप दुखायचं."

ते म्हणाले, "माले कधीच सांगं नही तिनी." मग पंच्यानं तोंड झाकून घेतलं. तू गेलीस तेव्हाही ते असे रडले नव्हते, माय. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. तुझ्यावर रागावू की त्यांच्यावर, मला कळेना. कुणावरच रागावता आलं नाही.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मंग सकाय पयशी ना?"

"पळेन, आबा."

तेच तुलाही सांगते. उद्या मी पळेन. भरती होईन की नाही, ते उद्याचं उद्या. नाही झालं तर पुन्हा पळेन. पण अंगात काही कमीजास्त झालं, तर पहिल्याच दिवशी बोलेन, समोर कोण बसलं आहे ते न बघता. आपल्या धाकट्या कोमलला पाळी येईल, तेव्हा तिला कुठल्या कोपऱ्यात बसू देणार नाही, आणि तिला दुखतं का, हे आबांच्या देखत विचारेन. श्रावणात कानबाई आली की रोट मी करणार आहे. ती गोळी घेऊन नाही. त्या दिवशी पाळी असली तरी करेन, आणि काकूला चुलीपाशीच सांगेन. मग भाऊबंद जेवोत नाहीतर उठून जावोत.

आणि कानबाईपुढे मी तुझ्या वतीनं माफी मागणार नाही. तू काहीही विटाळलं नव्हतंस, माय. तू आजारी होतीस.

तुझी,
वैशू