देहाचे लाड

आई, ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी चहा सोडून मला आज सहावा दिवस, आणि अख्ख्या साताऱ्यात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर बातमी दिली, तर खाली एकच अंगठा उमटला. तोही पाळकांचा, म्हणजे नोकरीचा भाग. तू दरवर्षी चाळीस दिवस एकवेळ जेवायचीस, गादी गुंडाळून चटईवर झोपायचीस, आणि शेजारणीला पत्ता नसायचा.

वाईच्या दवाखान्यात तू आया. दिवसभर परक्यांची अंगं पुसायचीस आणि स्वतःच्या अंगाला बैल म्हणायचीस. "लय हावरा हाय ह्यो, जरा दाव्याला ऱ्हाऊ दे." एकदा भरदुपारी मी किल्ली मागायला आलो, तर माणदेशातल्या एका मेंढपाळ म्हातारीच्या खाटेवर बसून तू भाकरी खातेयस. ती एकटी जेवायला तयार नव्हती. "मोडला की उपास," मी म्हणालो. "मोडू दे. ती जेवली न्हवं?"

त्याच वर्षीचा उत्तम शुक्रवार, ख्रिस्त क्रुसावर गेला तो दिवस. तीन तासांची उपासना करून तू उंबऱ्यावर टेकलीस, तेलाची वाटी पुढे सरकवलीस. "टाचा लय चिरल्यात. जरा चोळ रं." आणि मी, दहावीतला शहाणा, म्हणालो, "देहाचे लाड करू नयेत, तूच सांगतेस ना?" तू हसलीस. पाय लुगड्याखाली ओढून घेतलेस. त्याच जिभेवर पुढे लेख लिहून माझं पोट चाललं, वर्तमानपत्रवाले तिला धार आहे म्हणतात. तू मात्र त्यानंतर मला अंगासाठी काही मागितलं नाहीस. हा तुझा नेम, असं मी पन्नाशीपर्यंत समजत आलो. तो नेम मी घालून दिला होता. तुझी उपाशी राहायची शिस्त मी उचलली, आणि ती म्हातारी जेवली ते सोयीनं विसरलो.

तू गेलीस, तुझी धाकटी बहीण आता माझ्याकडे असते. टाचा तुझ्यासारख्याच, आणि तुझ्यासारखंच तीही काही मागत नाही. आज सकाळी तेल कोमट केलं आणि तिच्या पायाशी बसलो.

"आरं, उपास डोक्यात गेला व्हय? सोड पाय."

"गप बस मावशे. लय वर्षांचं राहिलंय."

पाय ओढत होती, मी सोडला नाही. दोन्ही टाचा होईपर्यंत उठलो नाही. तेलकट पायांनी ती कुठे चालणार, म्हणून चहाही मीच ठेवला. ती म्हणाली, एकटीनं न्हाई प्यायची. मी दुसरा कप काढला.

हे पत्र तुझ्या गीतांच्या पुस्तकात ठेवतोय, तेव्हा खोटं कशाला लिहू. साखर दोन चमचे घातली होती.