लाल अंगठ्याविरुद्ध मी

१० जून, सकाळी ८
ऑफिसात लाल अंगठ्याची साथ. अंगठा कुंकवात बुडवायचा, फोटो टाकायचा, पाच जणांना टॅग करायचं. म्हणे सिकलसेलची जागृती! सुरुवात कॉम्प्युटर सेक्शनच्या विशालनं केली. मलाही टॅग. आज समाचार घेणार.

संध्याकाळ
घेतला. ‘अंगठे रंगवून कुणाचं रक्त वाढत नाही. रक्त द्या, गाजावाजा न करता.’ १८६ लाइक. उल्कानं विचारलं, तुम्ही कधी देलं जी? बायको मुद्दा सोडून थेट माणसावर येते.

१२ जून
शिपाई दयाराम टेबलाशी आला. त्याच्या मुलीला, साक्षीला, सिकलसेल आहे. आठ वर्षं त्याच्या हातचा चहा पितोय, मला पत्ता नाही. पोरगी भरती आहे, रक्त हवंय, बी निगेटिव्ह. म्हणाला, भैया, बाकी सब फोटो डाल रहे हैं, सही बात आपने लिखी. ऑफिसची आयकार्डं तोच छापून आणतो, त्यामुळे सगळ्यांचे ब्लड ग्रुप त्याला पाठ. माझा बी निगेटिव्ह.
उद्या येतो म्हणालो. उपाशीपोटी देणं बेजबाबदारपणाचं. सुईचा प्रश्नच नाही.

१३ जून
नाश्ता केला. दोनदा. मग सिलतऱ्याच्या फॅक्टरीचं इन्स्पेक्शन आठवलं. महिनाभर तुंबलेलं, टाळणार कसं? दयारामचे चार मिस्ड कॉल. फॅक्टरीच्या आवाजात ऐकू येत नाही.

१४ जून, सकाळ
रजा. ताप आहे असं कळवलं. तापात रक्त घेत नाहीत. नियम डॉक्टरांचा, माझा नाही. उल्का म्हणाली, अंग तर थंड आहे, काहून झोपून राहिले? म्हटलं, आतून आहे.

दुपारी ४
सुईची भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. पोरगी बारा वर्षांची आहे. लाज वाटते.

५.१०
ठरलं, जायचं. चपला घातल्या. तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज: विशालनं टॅग केलेला पंडरी बाजारातला एक कापडवाला साक्षीला रक्त देऊन आला. त्याचा लाल अंगठ्याचा फोटो मी पोस्टमध्ये टिंगलीसाठी वापरला होता. ‘सुटलो’ असं आधी मनात आलं. खोडत नाही.
पोस्ट डिलीट केली.

१५ जून
सकाळीच दयाराम दारात. मी पांघरूण ओढलं. साक्षी आता बरी आहे म्हणाला, आपण काल तापामुळे ऑफिसात आला नाहीत म्हणून काळजी वाटली. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ. मग म्हणाला, हव भैया, उतर गया बुखार. साक्षीसाठी घेतलेल्या मोसंब्यांतली चार उशाशी ठेवून गेला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.
उल्का रस काढून घेऊन आली. म्हणाली, रक्त देणाऱ्याले देतात म्हणे. घ्या.
प्यालो.