कमळाची शेवटची पाकळी

कारंजा, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

कुठून बुद्धी झाली मला! परवाच वाचनालयातल्या भाषणात मी, शाळेचा ड्रॉइंग मास्तर, छाती फुगवून सांगितलं की कारागिरांचे संघ आपल्याकडे केव्हाच नामशेष झाले, आता उरले ते कलेच्या इतिहासात. म्हातारे रामजी सुतार पुढेच बसले होते. नुसती मान डोलवत होते.

आज देवळाच्या नव्या दारावर त्यांनी कोरलेलं कमळ पाहिलं. एक पाकळी कमी! विसरले असतील, असं वाटलं. ते जेवायला गेले तेवढ्यात मीच पटाशी उचलली आणि ती पाकळी कोरून टाकली.

संध्याकाळी सुतारांचे पाच पंच माझ्या दारात. रामजी सगळ्यांत पुढे.

"मास्तर, काम पंचाइले पसंत पडलं का मंगच शेवटची पाकळी कोरा लागते. तुमी कायले हात लावला?"

"पण पाकळी... बरी झालीय ना?"

"वांग्याची फोड दिसून राह्यली."

इतकी का वाईट होती? मला तर आवडली होती.

दंड जागीच ठरला. सुताराच्या कामाला ज्यानं हत्यार लावलं, त्यानं महिनाभर शागिर्दी करायची. उद्या सकाळी शाळेआधी नामशेष झालेल्या संघाच्या पटाशांना धार लावायला जायचं आहे.